दोष विषमतेचा नव्हे

दक्षिण आशियातल्या देशांनी आपसांत मुक्त व्यापार करावा यासाठीचा करार, म्हणजे 'साफ्टा', ६ जानेवारी २००४ रोजी इस्लामाबादच्या सार्क परिषदेत झाला आणि १ जानेवारी २००६ पासून अमलात आला. त्याला दोन दशके झाली. तरीही या देशांच्या एकूण परदेशी व्यापारातला जेमतेम पाच टक्के व्यापार त्यांचा एकमेकांशी असतो. आग्नेय आशियातल्या 'आसियान' देशांत हेच प्रमाण वीस टक्क्यांच्या वर आहे. या दुष्काळाचे एक ठरलेले कारण सांगितले जाते: सभासद देश विकासाच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर आहेत. एकीकडे पोलादापासून औषधांपर्यंत सगळे बनवणारा दीडशे कोटींच्या घरातला भारत, दुसरीकडे आठ लाखांच्या आसपासचा भूतान आणि मासळी व पर्यटनावर जगणारे मालदीव. एकाच जुवाला थोराड बैल आणि कोवळा गोऱ्हा जुंपला, तर नांगर सरळ चालायचा कसा, असा हा आक्षेप आहे. तो ऐकायला रास्त वाटतो, अग्रलेखात शोभून दिसतो, आणि चुकीचा आहे.

आक्षेपाची दोन रूपे आढळतात. कोलंबो, काठमांडू आणि ढाका इथे तो असा येतो: मोठा शेजारी बाजारपेठ गिळून टाकील, स्थानिक कारखान्यांना टाळी लागतील. दिल्लीत आणि भारतीय उद्योजकांच्या बैठकांत तोच उलटा होऊन येतो: लहान देशांना दिलेली सवलत हे मागचे दार आहे, त्यातून तिसऱ्याच देशाचा माल आत शिरतो. पहिल्या रूपात लहान देश बळी ठरतात, दुसऱ्यात तेच चोर. आरोप परस्परविरोधी असले तरी निष्कर्ष एकच निघतो: आधी सगळे एका पातळीला येऊ द्या, मग सहकार्याचे बघू.

व्यापार सारखेपणातून होत नाही, फरकातून होतो. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत या शेजारच्या बाजारपेठा एकमेकींना कांदा विकत नाहीत. भूतानकडे उतारावरचे पाणी आहे, पण वीज खाणारे कारखाने थोडे. बांगलादेशाकडे शिवणयंत्रावर बसणारे लाखो हात आहेत, पण कापूस नावापुरता. श्रीलंकेत रबर आहे, भारतात गाड्या; मुंबईच्या सिएट कंपनीने श्रीलंकेतल्या केलनियात भागीदारीने टायरचा कारखाना चालवला तो याच हिशोबाने. आक्षेप घेणारे दोन वेगळे फरक एकत्र कालवतात. एक साधनांतला, ज्याच्यावर व्यापार उभा राहतो. दुसरा ताकदीतला: भांडवल, रस्ते, बंदरे आणि कसबी कामगार जिथे आधीच आहेत, तिथेच नवे कारखानेही जातात. हा दुसरा फरक खरा आहे आणि त्याची भीती खोटी नाही. प्रश्न एवढाच, की त्यावरचा उतारा करारात लिहिता येतो की नाही.

कसलेला शेतकरी दोन्ही जनावरे बरोबरीची होईपर्यंत पेरणी थांबवून ठेवत नाही. जू ज्या दोरीने दांडीला बांधतात ती दोरी तो थोराड बैलाकडे सरकवतो. गोऱ्ह्याच्या बाजूचा जुवाचा भाग लांब होतो आणि त्याच्या मानेवरचा भार हलका पडतो. व्यापार करारात हे काम मुदती आणि याद्या करतात. कोणी किती वर्षांत शुल्क उतरवायचे, कोणी कोणता माल किती काळ झाकून ठेवायचा, हे देशागणिक वेगळे ठेवले की झाले.

आक्षेपाच्या बाजूने सर्वांत वजनदार साक्ष पूर्व आफ्रिकेची आहे. केनिया, युगांडा आणि टांझानिया यांनी १९६७ मध्ये पूर्व आफ्रिकी समुदाय स्थापन केला. रेल्वे, बंदरे, टपाल, विमान कंपनी सगळे सामाईक होते. पण कारखाने नैरोबीच्या आसपास गोळा झाले आणि बाकीच्या दोघांच्या वाट्याला केनियाच्या मालाची गिऱ्हाइकी आली. त्यावर तोडगा म्हणून केनियाच्या मालावर बदली कर लावण्याची मुभा त्या दोघांना दिली होती, विकास बँकही काढली होती. ते पुरले नाही. त्यात युगांडात इदी अमीन सत्तेवर आला आणि टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे यांनी त्याच्याशी एका मेजावर बसायला नकार दिला. १९७७ मध्ये समुदाय मोडला. विषम देशांचे जमत नाही, याचा दाखला म्हणून ही गोष्ट इथपर्यंतच सांगतात.

पुढची गोष्ट अशी. त्याच तीन देशांनी १९९९ मध्ये अरुशाला नवा करार केला आणि २००५ पासून जकात संघ सुरू केला. तिघांतली तफावत तेव्हाही कायम होती. केनिया तेव्हाही उद्योगांत पुढे होता. या वेळी दोरी सरकवलेली होती. युगांडा आणि टांझानियाचा माल पहिल्या दिवसापासून केनियात शुल्काशिवाय जाऊ लागला. केनियाच्या निवडक मालावर मात्र त्या दोघांनी शुल्क चालू ठेवले, ते दर वर्षी थोडे थोडे उतरवत पाच वर्षांत शून्यावर आणले. पुढे रवांडा आणि बुरुंडी हे आणखी गरीब देश या संघात येऊन मिळाले. या देशांची भांडणे संपलेली नाहीत. दुधावरून, साखरेवरून, मक्यावरून ती होतच असतात. पण १९७७ ची पुनरावृत्ती झालेली नाही.

आसियानचा दाखलाही याच जातीचा आहे. व्हिएतनाम १९९५ मध्ये त्यात आला तेव्हा त्याचे दरडोई वार्षिक उत्पन्न ३०० डॉलरच्या आत होते आणि सिंगापूरचे वीस हजारांच्या वर. भारत आणि नेपाळ यांच्यातले अंतर यापुढे काहीच नाही. जुन्या सहा सभासदांनी शुल्क आधी उतरवायचे, व्हिएतनाम, लाओस, म्यानमार आणि कंबोडिया यांनी काही वर्षे मागून यायचे, असे ठरले आणि बव्हंशी पाळलेही गेले. व्हिएतनामच्या भरभराटीचे श्रेय एकट्या आसियानला देणे अर्थातच बरोबर नाही. अमेरिकेशी झालेला करार आणि २००७ मधला जागतिक व्यापार संघटनेतला प्रवेश यांचा त्यात मोठा वाटा आहे. लाओस आणि म्यानमार आजही गरीब आहेत. इथे मुद्दा मर्यादित आहे: सत्तरपट, ऐंशीपट उत्पन्नाचे अंतर असलेले देश एका करारात नांदू शकतात.

दक्षिण आशियाने असा उतारा लिहिलाच नाही, असेही म्हणता येत नाही. साफ्टाच्या मसुद्यात तो आहे आणि चांगला लिहिलेला आहे. भारत, पाकिस्तान आणि श्रीलंका यांनी अल्पविकसित देशांच्या मालावरचे शुल्क तीन वर्षांत शून्य ते पाच टक्क्यांवर आणायचे. अल्पविकसित देशांना स्वतःचे शुल्क उतरवायला २०१६ पर्यंत मुदत. शुल्क कमी केल्याने लहान देशाचा महसूल बुडाला, तर काही काळ भरपाईची तरतूद. पहिली काही वर्षे भारताने सवलत न देण्याच्या मालाची लांबलचक यादी ठेवून ही तरतूद निम्मी निकामी केली होती, हे खरेच. पण नोव्हेंबर २०११ मध्ये मालदीवच्या परिषदेत ती यादी अल्पविकसित देशांपुरती ४८० वरून २५ वर आली, आणि उरलेल्या पंचवीसांत दारू आणि तंबाखू यांच्यापलीकडे फारसे काही नाही. म्हणजे बांगलादेश, नेपाळ, भूतान यांचा जवळजवळ सगळा माल भारतात शुल्काशिवाय येतो. ही विषम वागणूक आहे, लहानाच्या बाजूने विषम आहे, आणि ती कागदावर न राहता लागू आहे. आक्षेप घेणारे याचा उल्लेख सहसा करत नाहीत.

'मागच्या दारा'च्या आरोपाला सर्वांत जास्त खाद्य श्रीलंकेने पुरवले, म्हणून ते प्रकरण तपशिलाने पाहावे लागते. भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करार २८ डिसेंबर १९९८ रोजी झाला आणि १ मार्च २००० पासून लागू झाला. भारताने तीन वर्षांत शुल्क काढायचे, श्रीलंकेने आठ वर्षांत. भारताच्या झाकलेल्या यादीत ४२९ वस्तू, श्रीलंकेच्या यादीत ११८०. करार लागू झाला आणि थोड्याच काळात कोलंबोहून भारतात वनस्पती तुपाचा आणि तांब्याचा पूर आला. श्रीलंकेत तांब्याच्या खाणी नाहीत, आणि तुपासाठी लागणारे तेल यायचे मलेशिया-इंडोनेशियाहून. कच्च्या पामतेलावर भारतात जबर आयात शुल्क होते, श्रीलंकेत फार कमी. तेल कोलंबोला उतरवायचे, त्यात हायड्रोजन सोडून ते गोठवायचे, डबे भरायचे. आता तो श्रीलंकेचा माल झाला आणि भारतात शुल्काशिवाय आला. तांब्याचे तसेच: भंगार आणून वितळवायचे, ओतायचे, पाठवायचे. यातले बरेच कारखाने भारतीय भांडवलावरच उभे होते, हे ओरड करणारे सांगत नाहीत. २००६ मध्ये भारताने वनस्पती तुपाला वर्षाला अडीच लाख टनांची मर्यादा घातली. २००८ मध्ये भारतानेच महागाईपोटी कच्च्या खाद्यतेलावरचे शुल्क काढून टाकले. नफा आटला आणि कारखाने बंद पडले.

या सगळ्यात विकासाची तफावत कुठे आली? त्या वेळी श्रीलंकेचे दरडोई उत्पन्न भारताच्या जवळजवळ दुप्पट होते. दरडोई हिशोबाने पाहिले तर मागासलेला पक्ष भारत होता. तूप वाहिले ते दोन देशांच्या पामतेलावरील शुल्कांतल्या फटीतून. श्रीलंकेच्या जागी एखादा श्रीमंत देश असता आणि त्याने पामतेलावर शुल्क ठेवले नसते, तरी तूप असेच आले असते. नेपाळनेही तेच दाखवले. १९९६ च्या करारात भारताने नेपाळी कारखान्यांच्या मालाला स्थानिक मूल्यवर्धनाची अट न घालता शुल्कमुक्त प्रवेश दिला. पूर आल्यावर २००२ मध्ये अट आली आणि वनस्पती तुपाला वर्षाला एक लाख टनांची मर्यादा पडली, शिवाय तांबे, ॲक्रिलिक धागा, झिंक ऑक्साइड यांनाही. अलीकडच्या काळात नेपाळहून सोयाबीन तेल येते. भारतात खाद्यतेलावरचे शुल्क चढले की ही वाट वाहती होते, उतरले की आटते. दोष शोधायचा तर तो शुल्काच्या चढउतारात आणि मूळ देश ठरवण्याच्या ढिल्या नियमांत सापडेल. ते नियम घट्ट करता येतात आणि केलेही गेले आहेत.

आता 'गिळून टाकण्या'ची बाजू. करारापूर्वी श्रीलंका भारताकडून सुमारे दहा रुपयांचा माल घेई तेव्हा तिचा एक रुपयाचा माल भारतात जाई; २००५ पर्यंत हे प्रमाण तिनास एकच्या आत आले. त्यातले तूप-तांबे वजा केले तरी मसाले, रबरी माल, विजेच्या तारा असा खरा माल मागे उरतो. श्रीलंका गिळली गेली नाही. तिची खरी तक्रार वेगळी होती आणि ती रास्त होती: जो माल तिला चांगला करता येतो, त्याच मालाला भारताने कुंपण घातले. चहाला वर्षाला दीड कोटी किलोची मर्यादा आणि तयार कपड्यांना ८० लाख नगांची, तेही ठराविक बंदरांतूनच आणायचे. करार करताना मोठेपणा दाखवायचा आणि अंमलबजावणीत हात आखडायचा, ही भारतीय प्रशासनाची जुनी खोड आहे. तिला विकासाच्या पायऱ्यांचे शास्त्र बहाल करण्याची गरज नाही.

भूतानचे उदाहरण आक्षेपाला सर्वांत अडचणीचे आहे, कारण दक्षिण आशियात याहून विषम जोडी नाही. तिथला चुखाचा ३३६ मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प भारताने ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज देऊन बांधला आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो चालू झाला. भूतानची गरज भागून उरलेली वीज भारताने विकत घ्यायची, असे ठरले. नंतर कुरिछू, १०२० मेगावॉटचा ताला, २०१९ मध्ये ७२० मेगावॉटचा मांगदेछू. १३ डिसेंबर २०२३ रोजी भूतान संयुक्त राष्ट्रांच्या अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला. त्याचे दरडोई उत्पन्न आज भारताहून जास्त आहे. या व्यवहारात खोट नाही असे नाही. पुढच्या प्रकल्पांत अनुदानाचा वाटा घटत गेला आणि कर्जाचा वाढला. मांगदेछूत कर्ज ७० टक्के आहे. पुनात्सांगछू-१ चा उजवा डोंगरउतार २०१३ मध्ये सरकला, काम वर्षानुवर्षे रखडले, आणि साडेतीन हजार कोटींचा प्रकल्प नऊ हजार कोटींच्या वर गेला. त्याचे ओझे भूतानच्या खात्यावर आहे. हिवाळ्यात नद्या आटल्या की भूतानलाच भारताकडून वीज घ्यावी लागते. या तक्रारी चुकलेल्या अंदाजांच्या, भूगर्भाच्या पाहणीच्या आणि कर्जाच्या अटींच्या आहेत. चुखाच्या अटींवर लहान देश तरला. अटी बदलल्या तसा भार वाढला. दोन्ही वेळा तफावत मात्र होती तिथेच होती.

व्यापारी तुटीचा मुद्दा आक्षेपाच्या शेपटीला नेहमी बांधलेला असतो. २०२३-२४ मध्ये भारताने बांगलादेशाला सुमारे ११ अब्ज डॉलरचा माल विकला आणि दोन अब्जांहून कमी किमतीचा घेतला. हे आकडे दाखवून शोषण सिद्ध झाले असे मानतात. या ११ अब्जांत कापूस, सूत आणि कापड यांचा मोठा हिस्सा असतो. विदर्भ, मराठवाडा, गुजरातेतला कापूस गाठींच्या रूपात किंवा सूत होऊन ढाका-नारायणगंजला जातो, तिथे त्याचा शर्ट होतो आणि तो शर्ट युरोपातल्या दुकानात लागतो. युरोपीय संघ अल्पविकसित देशांचा माल शुल्काशिवाय घेतो आणि २०११ पासून आयात कापडाचे कपडे शिवले तरी ती सवलत मिळते. सूत भारताच्या खात्यात निर्यात म्हणून दिसते. शर्टाची कमाई बांगलादेशाच्या खात्यात पडते, पण ती युरोपच्या रकान्यात. दोनच रकाने उघडून हिशोब मांडला, तर किराणावाल्याशी तूट आहे म्हणून खानावळवाला दरिद्री आहे असेही सिद्ध करता येईल. तयार कपड्यांच्या निर्यातीत बांगलादेश जगातल्या पहिल्या दोन-तीन देशांत आहे, आणि भारत त्याच्या मागे.

मग व्यापार पाच टक्क्यांवर का अडला? उत्तर भारत-बांगलादेश सीमेवरच्या पेट्रापोलला रांगेत उभे आहे. कोलकात्याहून जेसोर रोडने, जुन्या झाडांच्या कमानीखालून, सीमेकडे जाणाऱ्या ट्रकचा मोठा वेळ बनगावच्या वाहनतळावर जातो. नंबर लागेपर्यंत ड्रायव्हर आणि क्लीनर तिथेच स्टोव्ह पेटवून भात शिजवतात. पुढे पेट्रापोलची तपासणी, मग शून्यरेषा, मग पलीकडे बेनापोलचे आवार. तिथे हमाल पोती उतरवतात आणि बांगलादेशी ट्रकवर चढवतात, कारण भारतीय ट्रकला ढाक्यापर्यंत जाण्याची परवानगी नाही. जागतिक बँकेच्या २०२१ च्या अभ्यासात ही सीमा ओलांडायला मालाला कित्येक दिवस लागतात असे आढळले; एवढीच वर्दळ असलेल्या पूर्व आफ्रिकेतल्या नाक्यांवर सहा तासांच्या आत काम होते. म्हणजे ज्या प्रदेशाचे नाव घेऊन विषमतेचा बागुलबुवा उभा केला जातो, त्याच प्रदेशाने नाका सुधारून दाखवला आहे. ट्रक सरळ पलीकडे जावेत म्हणून बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी १५ जून २०१५ रोजी थिंफूत मोटार वाहन करार केला. भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने तो फेटाळला. बाकी तिघांतही नियमावलीचे घोंगडे भिजत राहिले. पोत्याला विकासाची पायरी कळत नाही. ते दोन्हीकडच्या शिक्क्यांसाठी थांबते.

दुसरे उत्तर अचानक फिरणाऱ्या हुकुमांत आहे, आणि याची झळ नाशिक जिल्ह्याला पुरती ठाऊक आहे. बांगलादेश हे भारतीय कांद्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते. भारताने २९ सप्टेंबर २०१९ रोजी कांद्याची निर्यात एका दिवसात बंद केली. ढाक्यात कांदा किलोला दोनशे टक्यांच्या वर गेला आणि तिथल्या सरकारला तो विमानाने आणावा लागला. पुढच्याच आठवड्यात दिल्लीत आलेल्या बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी आपल्या स्वयंपाक्याला कांदा घालू नको असे सांगितल्याचे हसत हसत बोलून दाखवले. पूर्वसूचना तरी द्यायची होती, हा त्यातला चिमटा होता. १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा बंदी. या वेळी लादलेले ट्रक सीमेवरच अडकले. पाच दिवसांनी २५ हजार टनांना सूट मिळाली, पण भादव्यातल्या दमट हवेत ताडपत्रीखाली कोंडलेल्या कांद्याला तोवर पाणी सुटले होते. ८ डिसेंबर २०२३ रोजी तिसऱ्यांदा. गिऱ्हाईक असे तीनदा पोळले की दुसरे दुकान शोधते, नाहीतर घरीच पिकवते. बांगलादेशाने दोन्ही केले. लासलगावच्या शेतकऱ्याचे नुकसान झाले ते ढाका गरीब आहे म्हणून नव्हे. दिल्लीला शहरी गिऱ्हाइकाचा भाव सांभाळायचा होता म्हणून.

कुंपण एकाच बाजूने घातले जाते असेही नाही. वरुड-मोर्शीच्या आणि नागपूरच्या संत्र्याचे मोठे गिऱ्हाईकही बांगलादेशच. तिथले आयात शुल्क २०१९ मध्ये किलोमागे वीस रुपयांच्या आसपास होते, ते चढत चढत २०२३ पर्यंत अठ्ठ्याऐंशी रुपयांवर गेले. माल पडून राहू लागला आणि महाराष्ट्र सरकारला निर्यात अनुदान जाहीर करावे लागले. हे शुल्क स्थानिक बागाइतदारांना मोठ्या शेजाऱ्यापासून वाचवण्यासाठी चढले, असे म्हणायला फारसा आधार नाही. बांगलादेशाच्या तिजोरीला मूळ सीमाशुल्काखेरीज पूरक शुल्क, नियामक शुल्क अशा जोडकरांची सवय आहे, आणि २०२२ मध्ये डॉलर वाचवण्यासाठी फळांना चैनीच्या मालात बसवून नियामक शुल्क वाढवले गेले. साफ्टाची शिडी मूळ शुल्कालाच लागते. जोडकर तिच्या बाजूने चढतात. करारातले हे भोक बुजवणे वाटाघाटीचे काम आहे.

'सगळा घोटाळा भारत-पाकिस्तान वैराचा आहे' असे म्हणणारे आणखी एका वाटेने मूळ प्रश्न टाळतात. वैर खरे आहे. भारताने १९९६ मध्ये दिलेल्या सर्वाधिक पसंतीच्या देशाच्या दर्जाची पाकिस्तानने कधी परतफेड केली नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारताने तो काढून घेतला आणि पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लावले. २०१६ ची इस्लामाबादची सार्क परिषद उरीच्या हल्ल्यानंतर रद्द झाली, ती अजून भरलेली नाही. सार्कमध्ये निर्णय एकमताने होत असल्यामुळे एकाची गाठ सगळ्यांचा दोर अडवते. पण पेट्रापोलच्या रांगेत पाकिस्तानचा हात नाही, कांद्याच्या बंदीत नाही, संत्र्याच्या शुल्कातही नाही. २०२५ च्या एप्रिल-मेमध्ये बांगलादेशाने भारतीय सुताची खुष्कीच्या मार्गाने होणारी आयात थांबवली. भारताने आपल्या बंदर-विमानतळांतून तिसऱ्या देशांत माल पाठवण्याची बांगलादेशाची सोय काढून घेतली आणि बांगलादेशी कपड्यांना फक्त कोलकाता आणि न्हावा शेवा ही दोन बंदरे मोकळी ठेवली. बनगावला उतरू शकणारा सदरा आता समुद्राने उरणपर्यंत येऊन ट्रकने बंगालकडे परत जाऊ शकतो. हे दोन्ही सरकारांच्या रागाचे अर्थशास्त्र आहे.

नियम स्थिर राहिले तर काय होते, याचा लहानसा नमुना विजेचा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये नेपाळ, भारत आणि बांगलादेश यांच्यात त्रिपक्षीय करार झाला आणि १५ नोव्हेंबरला ४० मेगावॉट वीज नेपाळातून भारतीय तारांवरून बांगलादेशात गेली, युनिटला ६.४ अमेरिकी सेंट दराने. भारताचे मीटर मध्ये मुझफ्फरपूरला. चाळीस मेगावॉट म्हणजे एखाद्या मध्यम शहराच्या कोपऱ्याला पुरेल इतकीच. तरी तीन वेगवेगळ्या पायऱ्यांवरचे देश एका तारेवर आले, आणि त्यासाठी कोणाला कोणाच्या बरोबरीला यावे लागले नाही.

आक्षेपाचा एक मुद्दा उरतो: सवलत आहे ती अल्पविकसित म्हणून आहे, देश वर चढला की ती जाणार, मग सहकार्य पुन्हा असमानांची झुंज होणार. बांगलादेश आणि नेपाळ यांना अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडण्यासाठी २४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख ठरली आणि ती पुढे ढकलावी असा धोशा ढाक्याच्या उद्योजकांनी लावला, तो याच धास्तीने. नेपाळ आणि भूतान यांचे भारताशी स्वतंत्र करार आहेत, त्यांचे फारसे बिघडत नाही. बांगलादेशाचा भारतातला शुल्कमुक्त प्रवेश मात्र साफ्टावर टांगलेला आहे. त्यावरचा तोडगा त्याच साफ्टात आधीपासून छापलेला आहे. मालदीव यादीतून लवकरच बाहेर पडणार हे २००४ मध्ये दिसत होते, म्हणून कराराच्या बाराव्या कलमात लिहिले गेले, की मालदीव बाहेर पडला तरी या करारापुरती त्याला अल्पविकसित देशाहून कमी वागणूक मिळणार नाही. २०११ मध्ये तो बाहेर पडला आणि सवलत चालू राहिली. तेच कलम मालदीवच्या जागी बांगलादेशाचे नाव घालून लिहिता येते. त्यासाठी ढाका आणि दिल्ली यांना एका मेजावर बसावे लागेल.